समुद्राकडे पाठ करून

सुधाकर गेल्याचा निरोप लाखांदूरहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने मला कारध्याच्या थांब्यावर दिला. "मास्तर गेले जी," एवढंच. कोणते मास्तर, हे मी विचारलं नाही... अंदमानहून परतून त्याला महिनाही झाला नव्हता. रडू येण्याआधी मला राग आला. आज लिहायला बसलो तरी तो पुरता गेलेला नाही.

सत्तरच्या सुमारास आम्ही एकाच शाळेत लागलो. तो भूगोल शिकवी. फळ्यावर बेटं काढी, त्यांवर माड काढी, आणि शाळा सुटली की तलावाच्या पाळीवर बसून मला म्हणे, "समुद्र पाह्यला नाही, अन् पोट्ट्यायले भरती-ओहोटी शिकवून राह्यलो!" मग बेटावर गेल्यावर काय काय करायचं, ते सुरू होई. गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं, नावेतून पोवळी पाहायची, शहाळं प्यायचं आणि दुपारभर माडाखाली लोळायचं. "लोळाले इतक्या दूर कायले? माझ्या ओसरीवर लोळ," असं मी म्हणालो की चिडायचा.

पुढे त्याच्या हृदयाची झडप बिघडल्याचं निघालं. नागपूरच्या डॉक्टरांनी आता ऑपरेशनला उशीर झाला म्हणून सांगितलं, आणि या बहाद्दराने उन्हाळ्याच्या सुट्टीत अंदमानला जायचं ठरवलं. मी खूप भांडलो. "मराचंच हाये, त समुद्र पाहून मरतो," म्हणाला. शेवटी मीही सोबत निघालो. त्याच्या बायकोवर, एकट्या सुमनवहिनींवर, त्याला सोडणं मला जमेना.

मद्रासहून निघालेल्या बोटीत त्याची दशा झाली. उतरला तेव्हा पाय सुजलेले, ओठ निळे. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून त्याला बसवलं. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि याला पायरी उतरवेना. वहिनी खुर्चीसमोर आल्या. मग म्हणाल्या, "अजी, काय काय कराचं होतं ते सांगा. मी करून येते."

त्यांनी जन्मभर बांधीतलं, भातशेतातलं, गुडघाभर पाणीच पाहिलेलं. भाताच्या रोवण्याला खोचतात तसं लुगडं खोचलं, आणि रोवताना बाया मागे मागे सरकतात तशाच त्या समुद्रात शिरू लागल्या, तोंड सुधाकरकडे, पाठ लाटांकडे. "दिसते का जी मी?" ओरडून विचारत होत्या. मी "वहिनी, वळा!" म्हणेपर्यंत लाट पाठीवर आदळली. धावत जाऊन मी त्यांना उठवलं. केसांत वाळू, नाकातोंडात खारं पाणी... आणि व्हरांड्यात सुधाकर हसत होता. धाप लागली, तरी हसत होता. त्यानंतर त्याला तसं हसताना मी पाहिलं नाही.

पोवळी पाहून, शहाळं पिऊन वहिनी त्याला सगळं येऊन सांगत राहिल्या. लोळणं तेवढं केलं नाही. "ते दोघं मिळून घरी करू," म्हणाल्या.

परवा त्यांच्याकडे गेलो. घरामागच्या बांधीत रोवणा चालू होता आणि वहिनी बायांसोबत चिखलात होत्या. ओसरीवर सुधाकरची खुर्ची होती तशीच, बांधीकडे तोंड करून. मी तिच्याजवळ उभा राहिलो. वहिनींनी कंबर सरळ केली, माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजी, बसा न तिथं," त्या म्हणाल्या. "समोर कोणी नसलं त मांगं सरकाले भेव लागते."

मी बसलो.