एकमताने मंजूर

आमच्या युवक संघटनेचं दिवाळं वाजलं तेव्हा शाखेतला सर्वांत तरुण युवक मी होतो, आणि मला चाळिशीचा चष्मा लागून दोन वर्षं झाली होती. बाकीच्या युवकांपैकी दोघांना मधुमेह होता, एकाला नातू झाला होता, आणि शाखाध्यक्ष निवृत्तीला टेकलेले मुख्याध्यापक होते. व्यायामाचं महत्त्व ते खुर्चीत बसून सांगत. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या उत्साहात संघटना निघाली तेव्हा तिच्यात म्हणे खरोखरची तरुण मुलं होती. पुढे त्या मुलांची वयं वाढली, पण पदं कुणी सोडली नाहीत.

कसबा पेठेतली आमची शाखा एका पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. शेड तांबटकाकांची. सकाळपासून पाचपर्यंत ते तिथं घंगाळं, हंडे, बंब ठोकत बसायचे. पाच वाजले की आपली हत्यारं भिंतीला लावायचे, जमीन झाडून घ्यायचे आणि मग आमच्या सतरंज्या पडायच्या. तरुणपणी त्यांनी ही शेड शाखेला लिहून दिली होती, रीतसर स्टँपपेपरवर, पण अट घालून. दिवसा काम तेच करणार, आणि शाखा कधी बंद पडलीच तर जागा त्यांना परत. त्या शेडशिवाय त्यांच्याकडे काम करायला दुसरी जागा नव्हती. घर म्हणजे दीड खोली, त्यात पाच माणसं. तिथं हंडा ठोकायला बसले असते तर शेजाऱ्यांनी त्यांनाच ठोकलं असतं.

मी शाखेचा चिटणीस होतो. माझं अक्षर चांगलं आहे. हे मी संकोचून सांगतोय असं समजू नका. आमच्या पेठेत चांगलं अक्षर ही चारित्र्याची पावती मानतात. सभेचं इतिवृत्त, म्हणजे सभेत कोण काय बोललं आणि काय ठरलं याची नोंद, मी निळ्या-काळ्या शाईत, समास सोडून, एकही खाडाखोड न करता लिहायचो. मध्यवर्ती कार्यालयात आमची वही इतर शाखांना नमुना म्हणून दाखवत. खाडाखोड का नसायची, याचं गुपित मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवायचो. आमच्या सभेत काय ठरणार हे विषयपत्रिका वाचली की कळायचं. सूचक कोण, अनुमोदक कोण, हेही ठरलेलं. प्रत्यक्ष सभेत मी वही उघडून नुसती लेखणी फिरवल्यासारखं करायचो, आणि सगळे माझ्या तत्परतेचं कौतुक करायचे.

याच सुमारास मध्यवर्तीच्या डोक्यात युवक भवन शिरलं. कर्वेनगरला तीन मजली इमारत, वर सभागृह, खाली वाचनालय, दारात पुतळ्यासाठी चौथरा. पुतळा कुणाचा यावर तीन गट पडले, म्हणून चौथरा शेवटपर्यंत रिकामा राहिला. कर्ज बँकेचं होतं, आणि बँकेला तारण हवं होतं. म्हणून सगळ्या शाखांना परिपत्रक आलं: आपल्या ताब्यातील जागा कोणत्याही अटीविना मध्यवर्तीच्या नावे करण्याचा ठराव करावा, व जागा देणाऱ्याची त्यावर सही घ्यावी.

हडपसर शाखेनं या परिपत्रकाचं काय केलं ते मला नंतर कळलं. तिथले कार्यकर्ते शेतकरी, आखाडा चालवायचे. त्यांचे अध्यक्ष मला म्हणाले, "कागद आला व्हता की. पर वाचनार कोन? बंबात घातला. पानी चांगलं तापलं." त्यांचा आखाडा आजही उभा आहे. आम्ही मात्र पडलो कसबेकर. आलेल्या कागदाला आठ दिवसांत उत्तर गेलं नाही तर आम्हाला अन्न गोड लागत नाही.

सभा भरली. पहिला विषय दुखवट्याचा, तो उभ्यानंच झाला. दुसरा विषय सिंहगड सहलीचा. पिठलं-भाकरी गडावर विकत घ्यायची की घरून डबे न्यायचे, यावर दीड तास चर्चा झाली. अध्यक्षांनी डब्याच्या बाजूनं इतकं ओजस्वी भाषण केलं की एका सभासदानं सभात्याग केला. तो कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आला, कारण तेवढ्यात चहा आला होता. तिसरा विषय जागेचा. चहाचे कप खाली ठेवायच्या आतच अध्यक्ष म्हणाले, "हा नेहमीचाच कागद आहे. मंजूर समजायचा ना?"

तेव्हा मागून तांबटकाका उठले. ते सभेत कधी बोलायचे नाहीत. त्या दिवशी बोलले. "अट काढायची नाही. शाखा बंद पडली तर जागा मला परत, असं लिहिलेलं आहे. ते तसंच राहू द्या."

"अहो, शाखा कशाला बंद पडतेय?" अध्यक्ष म्हणाले. "आपण युवक आहोत!"

सगळे हसले. मीही हसलो.

"पडो न पडो," काका म्हणाले, "माझा विरोध आहे. तसं लिहून घ्या."

"चिटणीस, यांचं म्हणणं नोंदवा," अध्यक्ष म्हणाले आणि पुन्हा पिठल्याकडे वळले.

माझ्यापुढे वही उघडी होती. 'ठराव एकमताने मंजूर' हे शब्द आदल्या संध्याकाळी लिहून झाले होते, त्याखाली दुहेरी रेघही मारलेली होती. विरोध नोंदवायचा तर ते खोडायला हवं होतं. पान इतकं छान उतरलं होतं! मी मनाशी म्हटलं, घरी जाऊन चिठ्ठी चिकटवू. घरी गेल्यावर वाटलं, चिठ्ठी चिकटवलेली वही वाईट दिसते. आणि खरंच, शाखा कशाला बंद पडतेय?

पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करायचं होतं. ते वाचून दाखवायचं असतं. आम्ही ते वाचलं असं समजून पुढे जायचो. वही फिरली आणि सह्या झाल्या. काकांची सही वेगळी लागत होती, जागा देणारा म्हणून. ती घ्यायला मी दुपारी शेडमध्ये गेलो. ते एका हंड्याचं मठारकाम करत होते, म्हणजे लहान हातोडीनं ठोका शेजारी ठोका देत तांब्याला चकाकी आणणं. त्यांनी हातोडी ठेवली, हात पंचाला पुसले आणि विचारलं, "माझं म्हणणं लिहिलंस ना?"

"हो काका," मी म्हणालो. "आहे सगळं."

त्यांनी सही केली. चष्मा घरी राहिला होता, तो आणायला ते उठलेही नाहीत.

त्यानंतर तीनएक वर्षांत सगळं कोसळलं. भवनाचं सभागृह लग्नाला लहान पडायचं आणि व्याख्यानाला मोठं, त्यामुळे ते कुणी भाड्यानं घेईना. हप्ते थकले, मध्यवर्तीच्या थोर नेत्यांनी एकेक करून प्रकृतीच्या कारणानं राजीनामे दिले, आणि कोर्टानं संघटना मोडीत काढून मालमत्ता विकायला एक अधिकारी नेमला. शाखा बरखास्त झाल्या. आमच्या युवकांनी निषेधाची सभा घेतली. निषेध तीव्र असावा की तीव्रतम, यावर मतदान झालं.

अधिकारी तरुण होता, बोलायला सभ्य. त्यानं शेडची मोजणी केली, बाहेर नोटीस लावली आणि म्हणाला की काही हरकत असेल तर अमुक तारखेला कचेरीत येऊन सांगा. तांबटकाका मला शांतपणे म्हणाले, "आपली हरकत लिहिलेलीच आहे. वही तेवढी घेऊन चल." मी त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "वही त्यांच्याच ताब्यात आहे काका." हे खरं होतं. मला तेवढंच खरं बोलायला जमलं.

कचेरीत आम्ही सगळे गेलो. अधिकाऱ्यानं वही उघडली आणि पहिल्यांदा काय म्हणाला असेल? "फार सुंदर अक्षर आहे." माझी मान किंचित वर झाली. अशा वेळीसुद्धा! आज ते आठवलं की माझीच मला शिसारी येते.

मग त्यानं ठराव मोठ्यानं वाचला. 'एकमताने मंजूर' ऐकल्यावर काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, एखादा शब्द नीट ऐकू आला नाही की आपण शेजारच्याकडे पाहतो, तसं.

"यांचा विरोध होता असं कुणाला आठवतं का?" अधिकाऱ्यानं विचारलं.

अध्यक्षांनी डोळे मिटून स्मरणशक्तीला ताण दिला. त्यांना पिठलं आठवत होतं. डब्यांवरचं स्वतःचं भाषण त्यांना जवळजवळ तोंडपाठ होतं. काकांचं बोलणं मात्र आठवेना. सभात्याग करणाऱ्याला स्वतःचा सभात्याग आठवत होता. बाकीचे म्हणाले, इतिवृत्तात नसेल तर झालं नसेल. आमच्या चिटणीसांकडून काही सुटत नाही.

मग मी बोललो. "विरोध झाला होता," मी म्हणालो. "लिहिताना नजरचुकीनं राहिला."

नजरचुकीनं. सभेआधीच लिहिलं होतं, असं मी म्हणालो नाही. ते म्हणालो असतो तर त्या वहीतलं एकही पान टिकलं नसतं, आणि कदाचित तो ठरावही टिकला नसता. पण माझी अकरा वर्षांची अब्रू त्या पानांत होती, आणि ती मला काकांच्या शेडपेक्षा मोठी वाटली.

"पण खाली यांची स्वतःची सही आहे," अधिकारी म्हणाला आणि वही काकांपुढे सरकवली. "ही तुमचीच ना?"

"माझीच."

"वाचून केली होती?"

"नाही. माझं म्हणणं लिहिलंय का, ते विचारलं होतं."

"कुणाला विचारलं होतं? काय सांगितलं त्यांनी?"

काका माझ्याकडे बघत थांबले. चांगले थांबले. मी बोलेन म्हणून त्यांनी मला पुरेसा वेळ दिला. मी टेबलावरच्या टाचण्या बघत होतो.

"आता आठवत नाही," तांबटकाका म्हणाले.

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. महिन्याभरात शेड विकली गेली.

शेड रिकामी करताना आमचे युवक आले होते. त्यांनी काकांना हार घातला, अध्यक्षांनी 'त्याग' या विषयावर दहा मिनिटं भाषण केलं, आणि मग फोटो निघाला. फोटोत मी नाही. मी फोटोवाल्यामागे उभा होतो, आणि आपण किती संकोची आहोत असा चेहरा केला होता.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तांबटकाका हडपसरला एका भांड्यांच्या कारखान्यात नोकरीला लागले. तिथं भांडी यंत्रावर निघत. काकांचं काम ती कागदात गुंडाळायचं. त्यांची बस आणि माझ्या कॅम्पातल्या कचेरीची बस एकच होती. पहिल्या सकाळी त्यांनी मला रांगेत पाहिलं आणि हात केला. पिशवी ठेवून त्यांनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली. "बस," म्हणाले, "उन्हाची बाजू नाही ही." माझा थांबा येईपर्यंत ते मुलीच्या परीक्षेबद्दल बोलत होते. शेडचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पुढच्या थांब्यावर जाऊन उभा राहायला लागलो. बस यायची, मी चढायचो. खिडकीशी काका बसलेले असायचे आणि शेजारच्या जागेवर त्यांची पिशवी असायची. मला पाहिलं की ते ती उचलून मांडीवर घ्यायचे. मी दाराशी उभा राहायचो.