बाळगोळीचं वैर

१९५४ साली रत्नप्रभा कर्णिक घाटकोपरच्या आमच्या बालकल्याण केंद्रात घरोघर फिरणारी नर्स म्हणून आल्या. मी तिथं औषधं बांधून द्यायचं काम करत होते. बाई पस्तिशीच्या, उंच, तोंडाच्या फार फटकळ. लग्न केलेलं नव्हतं, ठाण्याला भावाकडे राहायच्या. गोड बोलून माणसं आपलीशी करणं त्यांना कधी जमलं नाही आणि काम तर नेमकं तेच होतं.

टेकडीखालच्या चाळीत त्या कुणालाच नको होत्या. बहुतेक कुटुंबं कोकणातली, कुर्ल्याच्या गिरणीत कामाला जाणारी. बाई तान्ह्या मुलाला झोळीत घालून वजनाच्या काट्याला अडकवत, म्हणून त्यांना काट्याबाई नाव पडलं. मूल तोललं की त्याची वाढ खुंटते, असं तिथं सगळ्यांचं ठाम मत. बाई जिन्यात दिसल्या की दारं लागत. एकदा वरच्या मजल्यावरून खरकटं पाणी अंगावर आलं. बाईंनी पदर पिळला आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.

एक गोष्ट मात्र त्यांना खटकत होती. "दुपारी त्या चाळीत एकही मूल रडत नाही," त्या मला म्हणाल्या. "एवढी पोरं एकदम झोपतात कशी?"

उत्तर मिळालं सहदेव परबच्या खोलीत. सहदेव आणि त्याची बायको प्रेमा दोघंही गिरणीत. घरी सहदेवची आई, आणि तिच्यापाशी शेजारच्या तीन बायकांचीही मुलं. सगळी पेंगत पडलेली. प्रेमाचा नंदू आठ महिन्यांचा होता आणि भरला दहा रत्तल, म्हणजे जेमतेम साडेचार किलो. बाईंनी त्याची पापणी उचलून पाहिली. बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी.

"आजी, याला काय देता?"

"बाळगोळी. माज्या पाचय पोरांक दिलंय."

बाळगोळी म्हणजे अफूची गोळी. बंदी असली तरी मिळायची.

"पाचांतली जगली किती?"

म्हातारी म्हणाली, "दोन. भायर हो."

बाई बाहेर आल्या आणि तिथंच चुकल्या. गॅलरीत उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "विष घालताय तुम्ही पोरांना. आजपासून बंद करा." गिरणीची पहिली पाळी नुकतीच सुटली होती. प्रेमा जिना चढून वर येत होती. तिनं ते चाळीदेखत ऐकलं, आत गेली आणि गोळ्यांची डबी मोरीत रिकामी केली.

अफू एकदम तोडली की मुलाचे काय हाल होतात, हे बाईंना ठाऊक होतं. रागाच्या भरात ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवसापासून नंदू थरथरत रडायला लागला, जुलाब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी सहदेव केंद्रात आला.

"पोर जातंय माझं," तो म्हणाला. "दृष्ट तुम्ही लावलीत, आता तुम्हीच चला." त्यानं बाईंची पिशवी उचलली आणि चालायला लागला. मीही मागोमाग गेले.

गॅलरीत दोन्ही बाजूंना बायका उभ्या होत्या. एकजण बाईंच्या पायापुढं थुंकली. नंदूचे डोळे खोल गेले होते, टाळू बसली होती. बाई म्हणाल्या, हॉस्पिटलात न्यायला हवं. म्हातारी उंबऱ्यात जाऊन बसली.

"थंय माजी दोन पोरां गेली. हेका नेऊचो नाय."

आईला उठवायची सहदेवची हिंमत होईना. शेवटी मी आमच्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी अफूच्याच अर्काचे थेंब लिहून दिले, रोज थोडे कमी करत जायचे. बाई चमच्यात थेंब मोजायला लागल्या तशी म्हातारीनं विचारलं, "ह्यां काय?"

"अफूच आहे."

"मगे आता विष कोण घालता?"

"मी," बाई म्हणाल्या आणि चमचा नंदूच्या ओठांना लावला.

चार दिवस त्या सकाळी येऊन दिवेलागणीपर्यंत तिथं बसत. मीठ-साखरेचं पाणी, पातळ पेज, चमचा चमचा. त्यांना मात्र कुणी पाणीही विचारलं नाही. प्रेमा कामावर खाडा करून भिंतीला टेकून बसलेली असायची. दुसऱ्या दिवशी बाई तिला म्हणाल्या, "चूक माझी आहे. गोळी हळूहळू सोडवायची, हे तुला सांगायला हवं होतं."

"माझी लाज चाळीदेखत काढलीत," प्रेमा म्हणाली. "हेही चाळीदेखत सांगा."

बाई उठल्या, गॅलरीत गेल्या आणि तेच शब्द मोठ्यानं बोलल्या. कुणीतरी हसलं. आठवड्याभरात चाळीची तक्रार केंद्राच्या समितीकडे आली आणि त्यात बाईंची कबुली त्यांच्याच शब्दांत लिहिलेली होती.

नंदू वाचला. त्याचा उल्लेख तक्रारीत नव्हता.

समितीनं बाईंना चाळीत पाऊल टाकायला बंदी केली. "मग मुलांना दिवसभर इथं ठेवून घेऊ द्या," बाई म्हणाल्या. समितीला वाद मिटवायचा होता, मागची खोली मिळाली. बाईंनी चार पाळणे टांगले. दोन महिने ते रिकामे राहिले.

मग एका सकाळी प्रेमा नंदूला घेऊन दारात उभी राहिली. "तुमच्यामुळं सासू पोराला हात लावत नाही. आता सांभाळा तुम्हीच."

"किती वाजता नेशील?"

"पाळी सुटली की."

एवढंच बोलणं झालं. पुढं इतर बायकाही आल्या, कारण म्हातारीनं सगळ्यांचीच मुलं ठेवणं सोडलं होतं. १९५८ पर्यंत पाळणे सतरा झाले. बाई आवडतात म्हणून एकही आई आली नाही आणि बाईंनीही कुणाची मनधरणी केली नाही.

त्याच वर्षी म्हातारी गेली. बंदी असूनही बाई भेटायला गेल्या, तर सहदेवनं त्यांना दारातूनच परतवून लावलं. तेराव्यानंतर प्रेमा धाकट्या मुलीला घेऊन केंद्रात आली, तिला बाईंच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "हिला दूध पचत नाही. काय द्यायचं ते सांगा, आणि या खेपेला सगळं सांगा."