पातळ पत्र्याची नळी

आमच्या भागात सगळे त्यांना वहिनी म्हणत, कारण त्यांच्या नवऱ्याला सगळे दादा म्हणत. पुढे दादांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आणि मागच्या खोलीत वहिनींचं काम. टायटॅनियमच्या नळ्या जोडून त्या डोंगरात चालवायच्या सायकलींच्या फ्रेम बनवत, ज्याच्या-त्याच्या मापाच्या. हे वेल्डिंग त्या एका कारखान्यात, रसायनांच्या टाक्या जोडताना शिकल्या होत्या.

दादा भरभक्कम गडी. सुट्टीच्या दिवशी आमच्याबरोबर डोंगरावर यायचे. उतारावर मागून त्यांची चाहूल लागली, की आम्ही निमूटपणे बाजूला व्हायचो. रोडरोलर म्हणायचो आम्ही त्यांना. त्यांच्याखाली चाकं वाकायची, चेन तुटायची, मग सायकल खांद्यावर टाकून हसत खाली यायचे. वहिनींनी आम्हा सगळ्यांना फ्रेम करून दिल्या, नवऱ्याची मात्र राहूनच गेली. "घरचं गिऱ्हाईक कुठे पळून जातंय?" असं त्या म्हणायच्या.

मग दादांना आजार निघाला, आणि निघाला तो हाडांत पसरलेलाच. बघता बघता अंग उतरलं, शर्ट खांद्यावरून लोंबायला लागले. एका सकाळी वहिनींनी हातातली कामं बाजूला सारली आणि म्हणाल्या, "चला, तुमची फ्रेम करायला घेऊ." मी ब्रेकची तार बदलायला गेलो होतो, म्हणून पुढचं माझ्यासमोर घडलं.

वहिनींनी टेबलावर स्वच्छ फडकं पसरून दोन नळ्या ठेवल्या. दोन्ही फ्रेमच्या खालच्या दांड्याच्या. वरून अगदी सारख्या, पण एकीचा पत्रा जाड, दुसरीचा पातळ. जाड नळी वजनदार माणसाला पेलते, वळणावर पिळवटत नाही. पातळ नळी जरा लवते आणि दगडांचे हादरे स्वतःच जिरवते. कुणाला कोणती द्यायची, ते चालवणाऱ्याच्या वजनावर ठरतं.

"ही घेऊ," पातळ नळीवर हात ठेवून वहिनी म्हणाल्या.

"ती तुझ्या काटकुळ्या गिऱ्हाइकांना दे. मला जाड."

"अहो, आत्ताचं वजन बघूनच..."

"आत्ताचं कशाला? फ्रेम काय चार दिवसांसाठी करतेस? मी भरून येईन पुन्हा. तेव्हा ही काडी मोडेल माझ्याखाली."

"जाड नळीवर एकेक दगड हाडापर्यंत जाईल."

"जाऊ दे. हाडं माझी आहेत."

वहिनींनी पातळ नळी परत रॅकमध्ये ठेवली. दादा माझ्याकडे बघून म्हणाले, "बघितलंस? लग्नानंतर पहिल्यांदा माझं ऐकलं हिनं."

त्यानंतरचं वहिनींनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. पायांची, हातांची मापं घेऊन झाली, आराखडा झाला. जाड नळी शिकंज्यात पकडून त्या कापायला घेणार, तेवढ्यात दादा भिंतीला धरत धरत आत आले. त्यांनी स्वतः शिकंजा सैल केला, नळी काढली आणि रॅकमधली पातळ आणून वहिनींच्या हातात दिली.

"हीच घे."

"का हो?"

"काल स्टुलावरून उतरलो. एवढंसं उतरणं ते, पण कळ मस्तकात गेली. मी काही आता भरून येत नाही गं."

वहिनींचंच म्हणणं खरं ठरलं होतं. "पण मला वाटलं, यांनी भांडावं," त्या मला म्हणाल्या. "जाडच पाहिजे म्हणून हट्ट धरावा, मला वेड्यात काढावं. हे आपले गप्प उभे." बोटाचा डागसुद्धा जोड बिघडवतो, म्हणून टायटॅनियम आधी पुसून घ्यावं लागतं. वहिनी ती नळी किती तरी वेळ पुसतच राहिल्या. नंतर दादांनीच हळूच म्हटलं, "झाली की स्वच्छ. कर सुरू."

सायकल तयार झाली तेव्हा आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या सोप्या वाटेवर गेलो. वहिनी पहिल्यांदाच सोबत आल्या होत्या. दादा हळूहळू, ब्रेक दाबत, सगळ्यांच्या मागून आले. उतरताना आम्ही दोघांनी त्यांना धरलं.

"कशी आहे?" वहिनींनी विचारलं.

"दगड कळले, पण लागले नाहीत."

त्यानंतर ते आणखी दोनदा गेले. पुढे गल्लीच्या टोकापर्यंतच, आणि मग तेही सुटलं. शेवटी शेवटी सायकल पलंगाशेजारी उभी असायची, आणि कुशीवर वळले की ते दांड्यावर हात टाकून झोपायचे. थंडी संपायच्या आत दादा गेले.

मुलगी परगावी नोकरीला, बापासारखीच उंच आणि आडव्या बांध्याची. काही महिन्यांनी आली तेव्हा म्हणाली, "आई, बाबांची सायकल मी नेऊ?"

"ने. पण उतारावर जोरात घालू नकोस. तुझं वजन नाही पेलायची ती."

"म्हणजे काय? बाबा माझ्यापेक्षा..." आणि ती मध्येच थांबली. ती फार करून फोनवरच बोलायची, शेवटी आली तेव्हा दादा पांघरुणात होते. ते किती उतरले होते, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं नव्हतं. ती सायकलपाशी गेली, वरच्या दांड्यावर कपाळ टेकवून रडली. वहिनी तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

सायकल मुलीने नेली नाही. वहिनीही ती कुणाला देत नाहीत. दादांच्या उंचीच्या माणसाचं वजन तिला पेलत नाही, आणि ज्याचं वजन पेलतं त्याला ती मोठी पडते.