शिवगंगाबाईंनी केलेल्या लक्ष्म्या

दिंद्रुडला चन्नप्पांच्या किराणा दुकानामागं पत्र्याची एक खोली आहे. चन्नप्पांच्या पत्नी शिवगंगाबाई तिथं बसून भादव्यातल्या महालक्ष्म्यांचे मुखवटे करतात. जिल्ह्यातले कलावंत ही कामं कुणाकडून शिकले आणि कशी करतात, ते त्यांच्याच तोंडून ऐकून लिहावं म्हणून मी गावोगाव फिरत होते. तशीच एका दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसले.

"मी आज्जीकडून शिकले," त्या म्हणाल्या. "माहेरी आमच्या घरात हेच काम. कागद भिजू घालायचा, मेथ्या वाटून त्यात घालायच्या, म्हंजी कीड लागत न्हाई. मग साच्यात दाबायचं. ते कुणीबी करतंय. खरं काम आखणीचं."

भुवया, डोळे, ओठ कुंचल्यानं काढायचे, ती आखणी. साचा एकच असला तरी आखणीनं तोंड बदलतं. आज्जीनं त्यांना बरीच वर्षं नुसता लगदा मळायला लावला, मग कुंचला हातात दिला. लग्न होऊन दिंद्रुडला आल्या तेव्हा रुखवतात भांड्यांबरोबर आज्जीचे साचेही आले. सासूबाई आधी कुरकुरल्या, पुढं त्याच शेजारणींना बोलावून दाखवायला लागल्या. माजलगाव, धारूरपासून लोक मुखवटे न्यायला यायचे.

त्यांना एकच मुलगी, वर्षाराणी. शाळेतून आली की ती आईसमोर मांडी घालून बसायची आणि मुखवट्याकडे न बघता आईच्या हाताकडे बघत राहायची. ती फार बोलायची नाही. एखादी भुवई वर गेली तर फक्त "आई, ही रागवली बघ" म्हणायची आणि हसायची. शिकून तिचं लग्न झालं, ती शिरूर कासारच्या बाजूला एका चांगल्या घरात गेली. जावई मास्तर होता, सासू जीव लावायची. कुणाचं काही वाईट नव्हतं.

आषाढात एका सकाळी वर्षाराणी अंगणात कपडे वाळत घालत होती. पावसानं घरातली वायर खराब होऊन करंट कपड्यांच्या तारेत उतरला होता. ओली साडी तारेवर टाकली आणि तिथंच संपलं.

"आमी गेलतो तवा तिला ओसरीवर ठेवलं होतं," शिवगंगाबाई म्हणाल्या. "सासू तिच्यापेक्षा जास्त पांढरी पडलेली. भांडायचं तरी कुणाशी?"

महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या आणि लोकांना शब्द दिलेले होते. चन्नप्पा म्हणाले, औंदा राहू दे. पण नुसतं बसून राहणं शिवगंगाबाईंना जमेना. त्यांनी कागद भिजू घातला. पहिली जोडी गावातल्याच विठ्ठलरावांची होती. भावापासून चूल वेगळी झाली म्हणून त्यांना नव्या लक्ष्म्या हव्या होत्या. जोडी पुरी झाली त्या दिवशी चन्नप्पा चहा घेऊन आत आले, मुखवट्यांकडे बघितलं आणि कप खाली ठेवून दुकानात निघून गेले.

"तुम्हाला दिसलं नाही?" मी विचारलं.

"न्हाई ना. आखणी करताना आपण एक भुवई बघतो, एक ओठ बघतो. आख्खं तोंड बघत न्हाई."

विठ्ठलरावांची सून विजयमाला वर्षाराणीच्या वर्गातली. जेवणाच्या दिवशी लक्ष्म्यांना साड्या नेसवल्या, दागिने घातले, आरतीला माणसं जमली. विजयमालानं कुंकू लावायला हात वर केला आणि ती "वर्षे" म्हणून मोठ्यानं रडायला लागली. मग सगळ्यांनाच दिसलं. दोन्ही लक्ष्म्यांचं तोंड तेच होतं.

सण उरकल्यावर विठ्ठलराव मुखवटे फडक्यात गुंडाळून घेऊन आले. माणूस रागात नव्हता, घाबरलेला होता.

"वैनी, तुमचं दुःख कळतंय आमाला," ते म्हणाले. "पण मेलेल्या लेकराच्या तोंडाला आमी निवद कसा दाखवायचा? घरात सून दोन जिवांची हाय."

पुढच्या वर्षी शिवगंगाबाईंनी पुन्हा प्रयत्न केला. कॅलेंडरवरची देवी समोर ठेवली. भुवया मुद्दाम जाड केल्या, ओठ बारीक केले. जरा वेळानं बघावं तर तीच बसलेली. एक जोडी पुसून त्यांनी पुन्हा आखली, पुन्हा तेच झालं. नेणारे दारातून बघून परत जायला लागले. कुणी टाकून बोललं नाही, सगळे हळूच सांगायचे की औंदा पितळेच्या घेतल्या. मग त्यांनी कुंचले धुऊन ठेवले.

विठ्ठलरावांनी परत केलेली जोडी कोनाड्यात होती. शिवगंगाबाई दिवसभर तिच्यासमोर बसायच्या, जेवायला उठायच्या नाहीत. चन्नप्पांना ते बघवेना. एक दिवस त्या माहेरी गेल्या असताना त्यांनी जोडी उचलली आणि सिंदफणेत सोडून आले. पाण्यात कागद विरघळायला कितीसा वेळ लागतो?

"मला वाटलं, ही सुटंल यातून," चन्नप्पा मला दुकानात हळू आवाजात म्हणाले होते. "देवाला सोडतेत तसंच सोडलं मी. हात जोडून."

शिवगंगाबाई परत आल्या, रिकामा कोनाडा बघितला. भांडल्या नाहीत. कुंचले काढले आणि पहिल्यांदाच ठरवून बसल्या, की आता गिऱ्हाइकासाठी नाही, आपल्यासाठी वर्षाराणीचं तोंड करायचं.

ते आलं नाही.

"फोटू समोर घेतला," त्या म्हणाल्या. "फोटूत ती हाय, पण कॅमेऱ्याकडं बघतीया. ती माझ्या हाताकडं बघायची, तसं मला पायजे होतं. लई केले. नुसत्या लक्ष्म्या व्हायला लागल्या. चांगल्या, भरल्या तोंडाच्या. कुणाच्याबी घरात शोभतील अशा."

त्या त्यांनी दुकानाच्या फळीवर ठेवल्या. लोकांनी बघितल्या, एकमेकांना सांगितलं, आणि गिऱ्हाईक परत यायला लागलं. विठ्ठलरावसुद्धा आले आणि जोडी घेऊन गेले.

"कावून असं झालं असंल?" त्यांनी मला विचारलं. "नको होती तवा रोज आली."

समोर या वर्षीची जोडी वाळत होती. मी म्हणाले, "छान झाल्यात."

"हां. छानच हायेत," त्या तिकडे न बघता म्हणाल्या. "आता मी तिच्यासाठी बसत न्हाई. सांगितलेलं काम करते."

मग त्यांनी पुढचा मुखवटा मांडीवर घेतला, कुंचल्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि मला जरा उजेडातून बाजूला सरकायला सांगितलं.