सात किलोंचं खोगीर

घोडीची पाठ दुसऱ्यांदा लागली, तेव्हा बायकोनं निकाल देऊन टाकला. पाठ लागणं म्हणजे खोगीर घासून कातडी सोलणं. त्यावर हळद-तेल लावण्याचं काम आमच्या घरात तिच्याकडं होतं, त्यामुळं निकाल देण्याचा अधिकारही तिचाच.

"आता बास," ती म्हणाली. "पुन्यांदा हिची पाठ लागली तर येवल्याच्या बाजारात नेऊन सोडा. तुमच्या हौसंपायी मुक्या जनावराची सालटी निघाया लागली."

ही गोष्ट सत्तर-एक्काहत्तरच्या सुमाराची. आम्ही कोल्हारचे, आणि माझी थोरली बहीण पुणतांब्याला दिलेली. तिचे यजमान वारल्यापासून तिथल्या जमिनीची देखरेख माझ्याकडं होती. महिन्यातून दोन खेपा तरी व्हायच्याच. एसटीनं जायचं तर वाटेत गाडी बदला, आणि पहिल्या गाडीत वाचलेला वेळ दुसऱ्या गाडीची वाट बघण्यात घालवा. सायकल न्यावी तर पावसाळ्यात काळी माती चाकाला धरते आणि मग सायकलच आपल्या खांद्यावर बसते. घोडी मात्र कालव्याच्या भरावावरून, पुढं गाडीवाटांनी, कुणाला काही न विचारता जायची. खरं सांगायचं तर या सगळ्या सबबी होत्या. मला घोडीवर बसायला आवडायचं. दुसरं व्यसन मला नव्हतं, आणि हिला विकायच्या कल्पनेनं माझं जेवण कमी झालं होतं.

आमचं खोगीर पलटणीतलं होतं. सासऱ्यांनी ते नगरच्या जुन्या बाजारात घेतलं होतं. त्यावर बसलं की आपण कुठल्यातरी मोहिमेवर निघालोय असं वाटे. आडत्याकडं गुळाच्या काट्यावर ठेवलं, तर भरलं सोळा किलो. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की लांबच्या पल्ल्याला जनावराच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्यावर ओझं नको. आता चौथा हिस्सा काढायचा म्हणजे आधी पूर्ण आकडा हवा. घोडीचं वजन करणार कुठं?

कारखान्याचं गळीत चालू होतं. मी घोडी घेऊन उसाच्या गाड्यांच्या रांगेत उभा राहिलो. पुढं बैलगाड्या, मागं बैलगाड्या, मधे मी. काटेवाला माझ्या ओळखीचा होता.

"मालक, ऊस कुठाय?"

"ऊस नाही. हिचंच वजन करायचंय."

त्यानं घोडीकडं पुढून-मागून बघितलं. "करतो की. पर शेपटीचं पाचट वजा धरावं लागंल."

मागचे गाडीवान खिदळले. एक जण म्हणाला, "मालकाला बी चढवा, रस किती निघतोय बघू." मी चढलोही, पण वेगळा, कारण दोन आकडे एकत्र घेण्यात अर्थ नव्हता. तो काटा पाच किलोंच्या पटीतच बोलत असे. घोडी भरली दोनशे पंच्याऐंशी. माझं वजन गुळाच्या काट्यावर नेमकं केलेलं होतं, चौसष्ट. घोडीचा चौथा हिस्सा एकाहत्तर. एकाहत्तरातून चौसष्ट गेले, राहिले सात. खोगिराला सात किलो.

घरी येऊन हे सांगितलं तर बायको म्हणाली, "मग तुमीच नऊ किलो उतरा की. सोळाचं खोगीर बदलाया नको."

मी येवल्याला गेलो. घोडी विकायला नव्हे, खोगीर बघायला. दुकानदारानं आधी शर्यतीचं खोगीर दाखवलं. तीन किलोंचं, चामड्याच्या पाकिटाएवढं. मी खूश होऊन विचारलं की यावरून पुणतांब्याला जाता येईल का. तो म्हणाला, "ह्याच्यावर दोन मिन्टं बसायचं असतंय, दोन तालुके न्हाई." मग त्यानं देशी घडणीचं काढलं. दोन बाजूंना दोन भरीव गाद्या, मधे कण्यासाठी मोकळी पन्हळ. घोडीच्या पाठीचा आकार मी तारेला वळण देऊन बरोबर नेला होता. तार त्या गाद्यांवर अशी बसली की मी भाव फारसा न करता खोगीर उचललं. वजन मात्र नऊ किलो. दोन जास्त.

त्या दिवशी माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याकडं आलेला. तो बेलापूरला शाळेत मराठी शिकवायचा. माझी अडचण ऐकून त्यानं गादीवर चापट मारली. "दाजी, यात आहे काय?"

"लोकर आणि केस. भरती आहे."

"म्हणजे खोगीरभरती. मी नववीला वाक्प्रचार शिकवतो. खोगीरभरती म्हणजे निरुपयोगी गोष्टींचा भरणा. पिढ्यान् पिढ्या भाषा सांगतेय, आणि तुम्ही ते घोडीच्या पाठीवर वाहताय."

हा युक्तिवाद मला पटला, कारण त्यात बेरीज जमत होती. आम्ही दोघांनी शिवण उसवली. भरती निघाली अडीच किलो, खोगीर राहिलं साडेसहा. मेव्हण्यानं परीक्षेत पहिला आल्यासारखा चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी मी त्या खोगिरावरून त्याला बेलापूरपर्यंत पोचवायला गेलो. तो सायकलवर, मी घोडीवर. जाताना घोडी ठीक चालली, येताना पाठ चोरायला लागली. दारात खोगीर उतरवलं तर सगळी पाठ घामानं भिजलेली, फक्त कण्याच्या दोन्ही अंगांना तळहाताएवढी जागा कोरडी ठक्क. मला ते चांगलं लक्षण वाटलं. बायकोनं त्या जागेवर बोट ठेवलं, तशी घोडीनं कातडी थरथरवली.

"मागल्या दोन्ही येळंला पाठ लागायच्या आदी हितंच कोरडं हुतं," ती म्हणाली. "सगळा भार हितं बसतोय. अजून सोललं न्हाई म्हनून गप ऱ्हाते. काय केलं ह्या खोगिराला?"

मी भरतीचं सांगितलं, आणि वाक्प्रचाराचंही.

"आमच्या मास्तरनी सांगितलं व्हय? त्यानं कधी डोक्यावर हंडा घेतलाय? हंड्याखाली चुंबळ लागती. चुंबळीचं वजन हुतं म्हनून ती फेकून हंडा टकुऱ्यावर घ्यावा का?"

मी म्हणालो, "पण मग दोन किलो कुठून काढू?"

"तुमीच बगा. हिशेब तुमाला येतो."

मी खोगीर सुटं केलं आणि एकेक भाग काट्यावर ठेवला. मखमलीचं आच्छादन आणि गोंडे अर्धा किलो. पितळी फुल्या पाव किलोला थोड्या वर. बाजूंना लोंबणारी चामड्याची जादा झूल पाव किलो. रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या कड्या, जाड लोखंडाच्या, दोन किलोंची जोडी. माझ्या पायात साधी चप्पल, आणि रिकिबी एखाद्या सरदाराच्या. त्या बदलून पातळ घेतल्या तर एक किलो सुटत होता. नुसत्या थाटाचे हे दोन किलो मी वजनात धरून चाललो होतो आणि मऊ तेवढं काढून टाकलं होतं.

रविवारी मेव्हणा पुन्हा आला, तेव्हा बायकोनं त्याच्यापुढं उसवलेल्या लोकरीचा ढीग टाकला. "पिंज," ती म्हणाली. "गुठळी ऱ्हायली तर तुला उपाशी धाडीन."

"अक्का, मी फक्त अर्थ सांगितला होता."

"आता अर्थ भर त्यात."

त्यानं दुपारभर लोकर पिंजली. ती भरायला बसली, मी तार लावून आकार बघत गेलो. शेवटी सगळा थाट उतरवून, पातळ रिकिबी लावून खोगीर काट्यावर ठेवलं, तर सात किलोला नखभर कमी.

त्याच आठवड्यात पुणतांब्याला निघालो. मी निघताना बायको एवढंच म्हणाली, "आल्यावर मी बगनार. तोवर बोलत न्हाई." जाताना मी दर तासाला उतरून खोगिराखाली हात घालत होतो. बहिणीकडं मुक्काम केला, पाटाच्या पाण्याच्या पाळीचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी परत फिरलो. शेवटचे दोन कोस तर मी घोडीच्या बरोबरीनं चालतच आलो. भीतीनं, दुसरं काही नाही.

बायको दारातच उभी होती. मला तिनं आत बोलावलं नाही. घोडीच्या पोटाखालचा तंग सोडला, खोगीर उचललं आणि कण्याच्या दोन्ही अंगांनी मानेपासून कमरेपर्यंत सावकाश हात फिरवला. पाठ सगळीकडं सारखी ओली होती. तिनं त्या दोन जागा अंगठ्यानं दाबून पाहिल्या. घोडी हलली नाही, नाक फुरफुरवून तिच्या पदराशी काहीतरी शोधत राहिली.

"ऱ्हाऊ द्या हिला," ती म्हणाली.

मग तिनं खोगीर उन्हात उपडं वाळत घातलं आणि आतून भिजवलेले हरभरे आणले. ते घोडीनं सगळे संपवल्यावर माझ्या चहाचं आधण चढलं.