यांना अजून काही सांगितलेलं नाही

आमचे हे गंभीर आजारी पडले तेव्हा ते मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभे होते. आजाराची बातमी त्यांच्याआधी हुपरीपर्यंत पोचली होती, आणि ती पोचवणारी मीच.

झालं होतं असं, की मी धंदा सुरू केला होता. कंपनीची भांडी घरबसल्या मैत्रिणींना विकायची. भांडी अशी, की त्यांत तेलाचा थेंब न घालता स्वयंपाक होतो. (ज्या कोल्हापुरात रश्शावर बोटभर तर्री नसेल तर पावणं ताटावरून उठायच्या बेतात येतं, तिथं हा माल खपेल असं मला का वाटलं, ते विचारू नका.) प्रशिक्षणाच्या मॅडमनी आम्हाला बजावलं होतं की काय विकताय ते आधी मुळीच सांगायचं नाही. नुसती उत्सुकता निर्माण करायची, माणसं आपोआप येतात.

यांना मी यातलं अवाक्षर बोलले नव्हते. यांचं कसबा बावड्यात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि मागं एकदा मी मेणबत्त्या करायला घेऊन स्वयंपाकघराचा पडदा पेटवला, तेव्हापासून 'धंदा' हा शब्द घरात काढायची मला बंदी होती. तेव्हा आधी ऑर्डरी घ्यायच्या आणि मग सांगायचं, असं मी ठरवलं.

मग मैत्रिणींच्या ग्रुपवर आणि हुपरीच्या नणंदेला, म्हणजे आक्कांना, मी मेसेज टाकला: 'एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. फोनवर सांगण्यासारखी नाही. आमच्या घरात आता सगळं बदलणार आहे. रविवारी सकाळी घरी या. यांना अजून काही सांगितलेलं नाही.'

मेसेज मी तीनदा वाचला आणि स्वतःवरच खूश झाले. काय उत्सुकता होती त्यात!

आश्चर्य म्हणजे कुणीच काही विचारलं नाही. शेजारच्या सुरेखानं जोडलेले हात पाठवले. विद्यानं लिहिलं, 'धीर सोडू नकोस, आम्ही आहोत.' धंदा करणाऱ्या बाईला आपल्याकडं एवढा आधार मिळतो, हे बघून मला भरूनच आलं.

रविवारी हे पिशवी घेऊन मटणाला गेले, आणि मी टेबलावर भांडी मांडून त्यांवर चादर टाकली. बायका आल्या. एकीनंही बरी साडी नेसलेली नव्हती. सुरेखानं शहाळी आणली होती, विद्यानं डब्यात मऊ भात. आक्का हुपरीहून पहिल्या बसनं आल्या आणि दारातच मला मिठी मारून रडायला लागल्या. (लग्न झाल्यापासून त्यांनी मला कधी मिठी मारलेली नव्हती. भावजय उद्योजिका झाली याचं त्यांना एवढं अप्रूप असेल, असं मला वाटलं नव्हतं.)

सगळ्या बसल्यावर मी चादर ओढली आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. म्हटलं, आजपासून या घरात तेल बंद.

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. सुरेखा विद्याच्या कानात म्हणाली, "हार्टच हाय."

मला नुसतं 'हार्ट' ऐकू आलं. गिऱ्हाइकाला फायदा समजला म्हणून मी उत्साहानं म्हणाले, "व्हय, हार्टसाठीच."

आक्कांनी पदर तोंडाला लावला. मी त्याला दाद समजले आणि मुख्य घोषणा करून टाकली, की इथून पुढं मी स्वतःच्या पायावर उभी राहणार, मी धंदा सुरू केलाय.

"आता तुलाच बघाय पायजे की गं," आक्का हुंदका देत म्हणाल्या. "पर एकटी समजू नगंस. आमी हाय."

तेवढ्यात फाटक वाजलं आणि हे मटणाची पिशवी घेऊन आत आले. अख्खी खोली उभी राहिली. सुरेखानं जड उचलू नका म्हणत त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. विद्यानं पंखा वाढवला. आक्कांनी त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि संभा किती उतरलाय म्हणून डोळे पुसले. (त्या आठवड्यात यांच्या पँटचं बटण दुसऱ्यांदा तुटलं होतं.)

एवढ्या बायका रडताना बघून यांनी मला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

त्यावर रडणं एकदम वाढलं.

हे मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. आदल्याच आठवड्यात त्यांनी रक्त तपासलं होतं आणि रिपोर्ट आणायला मी गेले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"खरं सांग," ते म्हणाले. "रिपोर्टात काय आलंय?"

"काही नाही. सगळं नॉर्मल आहे."

"मग ही माणसं कशाला?"

"भांडी बघायला."

ते स्टुलावर बसले. त्यांचा हात हातात घेतला तेव्हा माझ्यातली उद्योजिका पार विरघळली. मी गुपचूप फोन काढून त्यांना तो मेसेज दाखवला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, माझ्याकडं बघितलं आणि उठले. बाहेर जाऊन त्यांनी, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतात त्या आवाजात, सगळ्यांना सांगून टाकलं.

"मला काय झालेलं न्हाय. हिनं भांडी विकायला काढल्यात."

आक्का मटकन खाली बसल्या. "भांड्यापतूर आलं, संभा," त्या म्हणाल्या, "आन् मला एका शब्दानं सांगितलं न्हाईस?" आणि त्या हातातल्या पाटल्या काढायला लागल्या.

त्या पाटल्या पुन्हा त्यांच्या हातात चढवेपर्यंत आमचा घाम निघाला. मग सगळा उलगडा झाला. सुरेखानं आणलेलं शहाळं मागून घेतलं, फोडलं आणि स्वतःच पिऊन टाकलं. विद्या म्हणाली, तिनं दोन दिवस घरात टीव्ही लावू दिलेला नव्हता. आणि आक्कांनी तर बसमधनंच अंबाबाईला नवस बोलला होता, की भाऊ धडधाकट निघाला तर पाच सवाष्णी जेवायला घालीन. भाऊ धडधाकट निघाला होता. आता नवस फेडायचा कुणी, असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. हळूहळू सगळ्यांनीच बघितलं.

त्या दिवशी मटण आक्कांनी शिजवलं, आमच्या जुन्या पातेल्यात. वाटीनं तेल ओतताना त्या एकदा माझ्या भांड्यांकडं आणि एकदा माझ्याकडं बघत होत्या. हे दोनदा रस्सा मागून जेवले.

पुढच्या शुक्रवारी मी पाच सवाष्णींसाठी पुरणपोळ्या केल्या. या खेपेला मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं, 'जेवायला या. सगळे ठणठणीत आहेत.' त्याच बायका आल्या, पोटभर जेवल्या, ओट्या घेतल्या. भांड्यांचा विषय कुणी काढला नाही आणि मीही काढला नाही. निघताना मात्र सुरेखा दारात थबकली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, "तो तवा डोशाला चालतो व्हय गं?"

माझ्या अंगात वीज संचारली. तिला थांब म्हणून मी कॅटलॉग आणायला आत धावले आणि तशीच बाहेर आले. दारात चिटपाखरू नव्हतं. जेवण झाल्यावर निरोप घ्यायलाच तासभर लावणाऱ्या बायकांना एवढ्या झटक्यात चपला सापडलेल्या मी उभ्या कोल्हापुरात पाहिलेल्या नाहीत. सुरेखा तर यांच्या चपला घालून पळाली होती.