भाला लागला त्यानंतर

स्वरूपानं पुढं राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, तरी बेळगावच्या वडगावात बरीच वर्षं तिची ओळख 'सरांना भाला मारलेली पोरगी' अशीच होती.

त्या संध्याकाळी मैदानावर वारं सुटलं होतं. तिला शिकवणाऱ्या नागेंद्र सरांनी फेकायची खूण केली, ती धावली. हातून भाला सुटला आणि त्याच वेळी सर आधीच्या फेकीचं निशाण उचलायला आत सरकले. भाला त्यांच्या मांडीत घुसला. दवाखान्यात शुद्धीवर येताच सर म्हणाले, "चूक माझी हाय." तिला ते पटलं नाही. मैदान सोडून ती घरी बसली आणि वडिलांच्या, यल्लाप्पांच्या, विणायच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरू लागली.

पावसाळा सरला तसे सर कुबडी टेकत गल्लीत आले. यल्लाप्पांनी माग थांबवला.

"का येत न्हाईस गं?" सरांनी स्वरूपाला विचारलं.

"हातच उठत न्हाय, सर."

"मग माझं काय? मी लंगडा झालो ते झालो. पण माझ्यापायी तुझा खेळ बुडाला, हे मला सोसायचं न्हाय."

स्वरूपा खूप रडली. दुसऱ्या दिवशी मैदानावर गेली.

खेळ परत आला, भीती गेली नाही. फेकण्याआधी ती समोरचं मैदान पुन्हापुन्हा न्याहाळायची. पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या फेकीच्या वेळी एक माणूस कडेला रेंगाळला होता. तो लांब जाईपर्यंत ती थांबली. फेकीसाठी मिळणारं मिनिट संपलं आणि पंचांनी लाल निशाण वर केलं. पदक हुकलं.

गल्लीतले लोक हळहळले. सर एवढंच म्हणाले, "बघायचं एकदाच. पर नीट बघायचं." वर्षभर त्यांनी तिच्याकडून तेच घोटून घेतलं.

पुढच्या वर्षी तिनं एकदाच पाहिलं आणि भाला फेकला. सगळ्यांत लांब. टाळ्या वाजल्या, सुवर्णपदक तिचं झालं.

आणखी दोनदा ती अजिंक्य ठरली. मग खांद्यानं दगा दिला, खेळ सुटला. आता ती हुबळीला रेल्वेत नोकरी करते. बेळगावला आली की सरांकडे जाते. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं, ते गेल्या थंडीत तिनं विचारलं.

"पाय दुखतोय का वो, सर?"

"थंडीत दुखतोय. खोटं कशाला सांगू?"

ती उठली, पाणी तापवलं आणि त्यांचा पाय शेकायला बसली.